पायरी सांगणारी

लास्त्रिना बेटावर राजमुकुटाला पाठ दाखवायची नाही, असा रिवाज होता. दरबारातून निघायचं ते तोंड राणीकडे ठेवून, मागे मागे सरकत. आणि दरबाराच्या दाराशी एक पायरी होती, दगडाची, झिजलेली, पाहुण्यांच्या टाचांसाठी टपून बसलेली. म्हणून दाराशी स्तोशा उभी असायची. माणूस जवळ आला की ती हळूच म्हणायची, “जरा डावीकडे... पायरी.” बस्स, एवढीच तिची चाकरी. त्या चाकरीवर महालाच्या कुंपणाला टेकून एक दोन खोल्यांचं घर होतं, दारात अंजिराचं झाड होतं, आणि नवरा फ्राने, ज्याचा एक पाय जहाजावरच्या दोरखंडात पिळवटून कायमचा अधू झाला होता.

दरबारातले सगळे लोकांचे चेहरे वाचायचे. स्तोशाच्या वाट्याला पाठी आल्या, आणि चेहऱ्याला जसं सोंग घेता येतं तसं पाठीला येत नाही. बिशपची पाठ कायम भुकेलेली. नव्या लग्नाच्या सरदाराची पाठ घाईत. एका वकिलाला बाईमाणसाकडून पायरी ऐकायचा कमीपणा वाटला. तो ऐटीत सरकला आणि थेट दाराशी झोपलेल्या शिकारी कुत्र्यावर जाऊन बसला. राणी येरोनिमा जागेवरून उठली, “लागलं का हो?” म्हणून विचारलं, आपल्या हाताने त्याची टोपी उचलून दिली. दार बंद झाल्यावर मात्र चोळीचे बंद तुटेपर्यंत हसली.

“स्तोशा, अगं, त्याला पायरी सांगितली होतीस ना?”

“त्याला सांगितली, राणीसाहेब. कुत्र्याला सांगायची राहिली.”

अशी राणी. जन्माने मिठागरावरच्या मुकादमाची मुलगी. म्हाताऱ्या राजाने तिला उन्हात मीठ ओढताना पाहिलं आणि लग्न करून आणलं. तो लवकरच गेला. दरबाऱ्यांना वाटलं, पोरगी कोपऱ्यात बसून रडेल आणि राज्य आपण करू. ती रडली, पण सिंहासनावर बसून, आणि रडता रडता त्यांचे कागद वाचत. वाचताना अडलं की विचारायची, आणि ती विचारायला लागली की दरबारी आपले कागद आवरायला लागायचे.

चाच्यांच्या गलबतांनी बंदर घेरलं तेव्हाची गोष्ट तर बेटावरच्या आया अजून पोरांना जेवताना सांगतात. बाप्ये धक्का सोडून डोंगराकडे पळायच्या बेतात होते. राणी खाली आली, खुर्ची मागवली, आणि धक्क्याच्या अगदी टोकाला, पाण्याला पाठ लावून, आपल्या माणसांकडे तोंड करून बसली. आता पळायचं म्हणजे राणीला पाठ दाखवायची! आणि मागे मागे पळणार तरी किती? चार पावलांत एकमेकांवर आदळले, शिव्या घातल्या, आणि लाजेकाजेने उभेच राहिले. चाचे उतरले तेव्हा बंदर माणसांनी भरलेलं होतं. राणीच्या खुर्चीच्या पाठीत बाण रुतला. ती वळली नाही. “स्तोशा, कोण आलंय मागे?” एवढंच विचारलं, जणू पाहुणे आलेत.

अशा बाईला चाच्यांनी नाही हरवलं. हरवलं मारोयेने, तिच्याच दिवाणाने, शाईने. समुद्रापलीकडच्या प्रजासत्ताकाशी त्याने परस्पर बोलणी केली. त्यांचे शिपाई ‘पाहुणे’ म्हणून बुरुजावर राहायला आले आणि जायचं नाव घेईनात. स्तोशाला संशय आला तो मारोयेच्या पाठीवरून. एके दिवशी तो असा सैल, सुखात मागे सरकला, जसा भाडेकरू सामान बांधून झाल्यावर घरात वावरतो. तिने भीत भीत राणीच्या कानावर घातलं.

“तुला आज कळलं?” राणी म्हणाली. “मला गेल्या द्राक्षांच्या हंगामातच कळलंय. माझ्या विनोदाला तो विनोद संपायच्या आधी हसायला लागला, तेव्हाच.”

“मग त्याला धरला का नाही?”

“धरला असता, तर पलीकडच्यांनी तोफा डागल्या असत्या. कोठारात धान्य नाही गं. मला हवं ते मी करीन, आणि मरणार कोण, तर कोळणीची पोरं.”

तिने मुकुट खाली ठेवला, लोकांना हात न लावण्याच्या अटीवर. तिला पलीकडे एका मठात राहायला नेणार होते.

पलीकडच्यांनी नेमलेला नवा सुभेदार त्रेमान सभ्य माणूस होता. आवाज चढवत नसे. त्याने दवंडी दिली: राणी आता राणी नाही. ती निघेल तेव्हा सगळ्यांनी धक्क्यावर हजर राहायचं, आणि नगारा वाजला की तिला पाठ दाखवून सरळ घरी जायचं. मागे सरकेल त्याचं घर जप्त. मग त्याने स्तोशाला बोलावलं.

“तू पहिली वळ. तू वळलीस की सगळे वळतील. तुझं घर तुझ्याकडे राहील.”

“आणि मी नाही वळले तर?”

“तुझा नवरा लंगडा आहे ना?” तो आस्थेने म्हणाला.

दुपारी फ्राने खारवलेल्या माशांचे काटे काढत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“अगं, तू तीस वर्षं लोकांना मागे चालवलंस. एकदा पुढे चालून बघ. सोपं असतं म्हणतात.”

“अहो, थट्टा सुचते तुम्हाला!”

“मग काय रडू? ह्या पायाने मी कुठे जाणार, ते तू ठरव. मी तुला काही म्हणणार नाही.” आणि तो पुन्हा काटे काढायला लागला. स्तोशाला तेच जड गेलं.

सकाळी अख्खं बेट धक्क्यावर. राणी साध्या काळ्या झग्यात, पायांत राणीपदाचे वीतभर उंच लाकडी जोडे. नगारा वाजला. कोणी हललं नाही. पुन्हा वाजला. शिपायांनी भाले आडवे केले. सुभेदाराने स्तोशाकडे पाहिलं. स्तोशाची एक टाच उचलली गेली. कुठे जाण्यासाठी, हे त्या टाचेलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात राणीने जोडे काढले. अनवाणी पाय ओल्या दगडावर टेकवले. लोकांकडे पाहून मान लववली, आणि मागे मागे चालू लागली. लोकांकडे तोंड ठेवून, जहाजाच्या दिशेने.

मुकुटाचा मान तिने त्यांना दिला होता. आणि चालत होती कशी! मिठागरात मीठ ओढणारा मागे मागेच सरकतो, हे सगळे विसरले होते. तिचे पाय विसरले नव्हते. आता ज्याला पाठ दाखवायची, तोच माणूस मागे सरत निघालेला. हुकूम मोडायलाही जागा उरली नाही आणि पाळायलाही. सुभेदाराचं तोंड उघडं ते उघडंच. एका म्हाताऱ्या कोळणीने गुडघे टेकले, मग सगळ्यांनीच.

“स्तोशा,” राणीने हाक मारली, “तुझ्या जागेवर ये.”

स्तोशा धावली. जहाजाच्या फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या होत्या. ती राणीच्या बाजूने, खांद्याशी राहून वर चढू लागली. “जरा डावीकडे... पायरी. पुन्हा पायरी.” राणीने एकदाही खाली पाहिलं नाही. वर पोचल्यावर म्हणाली, “इतकी वर्षं तुझा हा शब्द ऐकला. आज कळलं, त्याने किती धीर येतो.”

मग तिच्या ध्यानात आलं. ना कोणी वळलं होतं, ना मागे सरकलं होतं; सगळे सुटले होते. एकटी स्तोशा राणीसमोरून परत जाणार होती, आणि सुभेदार फळीच्या पायथ्याशी उभा होता.

“तुझंच राहिलं गं. जा, सरळ उतर. फ्रानेचा पाय आहे. मी समुद्राकडे बघते.” आणि तिने खरंच तोंड फिरवलं.

स्तोशाला अंजिराचं झाड दिसलं. फ्राने काटे काढताना दिसला. समोर राणीची पाठ होती, जी आजवर तिने कधीच पाहिली नव्हती. ताठ, अगदी ताठ, आणि मानेखाली जरासा कंप.

तिने टाच मागे टाकली.

मागे सरकताना चवडा आधी टेकतो, तेव्हा फळी वेगळी वाजते. राणी गर्रकन वळली. खाली सुभेदार कारकुनाला नाव लिहायला सांगत होता. संध्याकाळपर्यंत त्या घराला दुसरं कुलूप लागणार होतं. स्तोशा मागे सरकत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला सांगणारं मागे कोणी नव्हतं.

“जरा उजवीकडे,” वरून आवाज आला, हळू, दरबारातल्यासारखा. राणीचे डोळे तिच्या टाचांवर होते. “हं. पायरी, स्तोशा. पायरी.”