पाठीवरची लाल रेघ

मित्रांनो, मला घेऊन दुकानात गेलात तर दुकानदार हसेल आणि मला परत तुमच्याच हातावर ठेवेल. माझ्यात साधी शेंगदाण्याची पुडीसुद्धा येत नाही. मी एक जुना, तांब्याचा ढब्बू पैसा आहे. ज्या डच साहेबांनी मला पाडले, त्यांचे राज्य जावा बेटावरून केव्हाच गेले. माझे भाऊबंद वितळले, हरवले. मी तेवढा उरलो, कारण मी जाड होतो आणि माझी कड गुळगुळीत होती. माझी आताची मालकीण बु कास्मिना (आमच्याकडे 'बु' म्हणजे बाई), तिच्या आजीने मला बाजूला काढले आणि म्हणाली, "हा पाठीला बरा आहे."

आमच्याकडे कुणाला कसकसले, डोके जड झाले, मळमळले, की बायका म्हणतात, "अंगात वारा शिरलाय." मग पाठीला तेल चोळायचे आणि माझ्या कडेने कण्याच्या दोन्ही अंगांना तिरक्या रेघा ओढायच्या. रेघ लाल उठली की वारा निघाला. जितकी लाल, तितका वारा जास्त. आणि लाल उठलीच नाही, तर तो वारा नव्हेच. हा शेवटचा नियम नीट लक्षात ठेवा. मी स्वतः तो विसरलो होतो.

गेली तीस वर्षे माझे घर म्हणजे कापडावर मेणाने नक्षी काढणाऱ्या बायकांची पडवी. तिथे एका चुलीभोवती तिघी बसतात. चुलीवर मेणाची कढई, प्रत्येकीपुढे टांगलेले पांढरे कापड आणि हातात बारीक चोचीची तांब्याची लेखणी. कढत मेणात ती बुडवायची, फुंकायची आणि रेघ ओढायची. नको तिथे एक थेंब पडला तर महिन्याचे काम वाया जाते. आणि एका चुलीच्या बायकांचा रिवाज असा, की जे असेल ते तिघींत वाटायचे. चहा, केळ्याची भजी, तेलाची बाटली आणि मी. कुणी एकटीने काही खाल्ले तर वर्षभर टोमणे ऐकावे लागत.

बु कास्मिना सर्वांत मोठी, त्रेसष्टची. तोंडाने फटकळ. यातुन बावन्नची, हाताने तिच्याइतकी बारीक रेघ सबंध गावात कुणाची नव्हती. तार्मी एकोणपन्नासची आणि बडबडी. तिच्या गर्भपिशवीत गाठी झाल्या होत्या, म्हणून पिशवी आणि बीजकोश सगळेच काढून टाकले होते.

मित्रांनो, बाईच्या आयुष्यात एक वय असे येते, की तिची पाळी थांबते. कुणाला कळतही नाही, कुणाचे हाल कुत्रा खात नाही. बीजकोश काढल्यावर तार्मीचे तसेच झाले. बसल्या जागी अंगातून आग निघायची, पोलके पिळून काढावे इतका घाम यायचा, छाती धडधडायची, झोप नाही. वरून समोर पेटलेली चूल! बु कास्मिना मला घेऊन रोज तिची पाठ ओढायची. लोक म्हणत, "कास्मिनाच्या पैशाला गुण आहे." मी फुगून जायचो. खरे सांगतो, त्या कौतुकानेच माझे डोळे बांधले.

शेवटी तार्मी शहरातल्या इस्पितळात गेली. रक्त तपासले, छाती तपासली आणि डॉक्टरीणबाईंनी तिला हार्मोनच्या गोळ्या दिल्या. महिनाभरात तार्मी माणसात आली. झोपायला लागली, हसायला लागली, हात स्थिर झाला.

"काय सांगू!" ती चुलीपाशी म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला पिशवी नाही, म्हणून ही एकच गोळी पुरे. रोज एक. बाकी भानगड नाही."

यातुन ऐकत होती. तिचेही तेच हाल सुरू होते. चार वर्षांपूर्वी तिची पाळी थांबली होती आणि आता तिची लेखणी थरथरायला लागली होती. बु कास्मिना पाणी आणायला गेल्यावर तिने तार्मीचा हात धरला.

"मला दे ना गं त्यातली."

"तू पण जा की डॉक्टरकडे."

"पाय वर करून कुणापुढे निजू मी? मेले तरी जाणार नाही. एका चुलीवर बसतो ना आपण?"

तार्मीने पाकीट उघडले. मी तेलाच्या बाटलीशेजारी पडून सगळे पाहिले. मलाही त्यात वावगे काही वाटले नाही. चहा वाटतात, मला वाटून घेतात, तशी गोळी. पुढे तार्मी रिकामे पाकीट दाखवून औषधाच्या दुकानातून दोघींसाठी आणू लागली. "बुला सांगू नकोस, ती बोंब मारेल," एवढेच यातुन म्हणाली.

यातुनची आग थांबली. दीड वर्ष सगळे छान चालले. मग एके दिवशी तिला पुन्हा पाळीसारखे रक्त दिसले.

"अगं बाई! परत पंचविशीची झालीस की काय?" तार्मी टाळी वाजवून म्हणाली.

"जत्रेत हिला बांगड्या भरा गं," बु कास्मिना म्हणाली. तिघी पोट धरून हसल्या. यातुन लाजली. मित्रांनो, ते हसू आठवले की माझे तांबे आजही काळे पडते.

कारण रक्त थांबेना. कधी चार थेंब, कधी कपडे बदलायची पाळी. यातुन भिंतीला धरून चालू लागली. जिना चढताना तिला दम लागे. बु कास्मिना म्हणायची, "वारा आहे, खोल बसलाय," आणि मला घेऊन रोज दुपारी तिच्या पाठीवर बसायची.

तेव्हा मला ते जाणवले. मी पाठीवरून सरकायचो, पण मागे काही उरत नव्हते. पूर्वी यातुनच्या पाठीवर रेघ जास्वंदीसारखी उठायची. आता फिकट, मेणासारखी. बु आणखी जोर लावायची, कातडी सोलवटायची, यातुन ओठ चावून "ओढा, ओढा" म्हणायची. मी आतून ओरडत होतो, अगं बाई, थांब! हे माझे काम नाही! हिच्या अंगात वारा नाही, हिच्या अंगात रक्तच उरलेले नाही! पण पैशाला कुठे तोंड असते? ज्या हाताने तिला बरे करायचे तोच हात तिचे दिवस घालवत होता आणि त्या हातात मी होतो. रोज असा एक एक दिवस गेला. तब्बल सात आठवडे.

एका सकाळी यातुनची लेखणी कापडावर आडवी झाली. मेणाचा ओघळ फुलांवरून खाली धावला आणि पाठोपाठ ती स्वतः कलंडली. चुलीवर पडायचीच, तार्मीने ओढली म्हणून वाचली. बु कास्मिनाने तिला पडवीच्या उजेडात पालथी घातली, पोलके वर केले, मला हातात घेतले. एक रेघ ओढली. दुसरी. तिसरी. मग ती थांबली.

"तार्मे, इकडे ये. हे बघ. लाल उठतच नाही."

"जोरात ओढा बु."

"कातडं निघालं गं! पन्नास वर्षं पाठी बघतेय मी. लाल नाही म्हणजे वारा नाही. मग काय आहे हिला? तुला ठाऊक आहे का काही?"

तार्मीने गोळ्यांचे सगळे सांगून टाकले. बु कास्मिना बोंब मारेल असे वाटले होते, पण तिने फक्त मला रुमालाच्या टोकात बांधले आणि म्हणाली, "रडायचं ते गाडीत रड. ऊठ."

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी यातुनला विचारले, कुठल्या गोळ्या घेता? तार्मीच पुढे झाली. "माझ्या. मी दिल्या."

"अहो, तुम्हाला पिशवी नाही, यांना आहे," बाई म्हणाल्या. "पिशवी असली की नुसत्या या गोळीने तिचं अस्तर वाढत जातं. जोडीला दुसरं औषध लागतं. तुमच्या तब्येतीची गोळी यांच्या तोंडात कशी चालेल? आणि पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात यायचं असतं."

यातुनला रक्त चढवले. मग पिशवीच्या आतला तुकडा काढून तपासायचा ठरला. सोबतीला एका बाईला आत राहू दिले होते. तार्मी राहिली. तिने बुच्या रुमालातून मला सोडवून यातुनच्या मुठीत कोंबले. यातुनने मला इतके आवळले, की माझ्यावरचा मुकुट तिच्या तळव्यावर उमटला. ज्या लाजेपायी ती इथे येत नव्हती, ती लाज पाच मिनिटांत संपली. पाच मिनिटांसाठी दीड वर्ष!

दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला. कर्करोगाची सुरुवात होती. पिशवी काढावी लागणार होती.

बाकड्यावर तार्मी कपाळ बडवून घेत होती. "मी मारलं तुला. माझ्या हातानं मारलं."

"गप गं," यातुन म्हणाली. "मागितली कुणी? मीच ना? आणि अजून मेले नाहीये, आतापासून काय सुतक धरतेस?" पण भीती तिलाही होती, पोटभर होती.

शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी यातुन उशीला टेकून बसली आणि तार्मीला म्हणाली, "पैसा आहे का? एक रेघ ओढ."

"वेड लागलं का? त्या नर्सबाई हाकलतील मला. आणि मी नाही त्याला हात लावणार."

"पाठीवर नको. हातावर ओढ. तुझ्याच हातून पाहिजे."

बु कास्मिना दाराशी पहारा करायला उभी राहिली. तार्मीने मला उचलले. यातुनच्या सुई नसलेल्या हातावर तेलाचे बोट फिरवून तिने मला हलकेच ओढले. पहारा सोडून बुही आली आणि तिघी वाकून बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. काहीच नाही. मग कातडीखाली काहीतरी हलल्यासारखे झाले आणि एक बारीक, कापरी, लाल रेघ वर आली.

"उठलं," तार्मी म्हणाली आणि यातुनच्या मांडीवर डोके ठेवून हंबरडा फोडला.

रोग किती खोल गेला होता, ते काढलेली पिशवी तपासून कळणार आहे. तो कागद अजून यायचा आहे. चुलीपाशी यातुनचे कापड तसेच टांगलेले आहे, त्यावर मेणाचा ओघळ आहे. बु कास्मिना ते कुणाला काढू देत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात आई आहे, मावशी आहे, शेजारची काकू आहे. ती उगाच चिडते, घामाने भिजते, पहाटेपर्यंत जागी असते, तर तिला हसू नका. तिच्या शेजारी बसा. पंखा घाला, पाठ चोळा, चहा वाटून प्या. पण गोळी वाटून घेऊ नका. आणि ती "काही नाही गं, वारा आहे" म्हणाली, तर तिचे ऐकू नका. तिचा हात धरा आणि तिला डॉक्टरकडे न्या, आत तिच्यापाशी उभे राहा. मुठीत धरायला काही हवे असेल तर माझ्यासारखा एखादा पैसा द्या. मी तेवढ्याच कामाचा आहे.