फुगलेल्या पृथ्वीचा गोळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गोळा आहे. शाळेतल्या पृथ्वीच्या गोलाच्या निम्म्याहून जरासा मोठा. माझ्या अंगावर चामड्याची खंडे चिकटवलेली आहेत, समुद्र मात्र औषधालाही नाही.

मला एका नकाशे काढणाऱ्याने घडवले. पृथ्वी पूर्वी लहान होती आणि तिच्यावर सगळी जमीनच होती. मग ती फुगली, साल तडकली आणि भेगांत समुद्र भरले, असे त्याचे ठाम मत. मोठ्या गोलावरची खंडे जशीच्या तशी उतरवून माझ्यावर बसवायची. फट न राहता बसली की झाले सिद्ध! शेवटचा तुकडा काही केल्या बसेना. बोटभर मोठा होत होता. चार दिवस हा माणूस धड जेवला नाही. पाचव्या दिवशी तो कामावर गेला आणि बायकोने कात्री घेतली. संध्याकाळी तुकडा चपखल बसला. "बसला गं, बसला!" करत तो घरभर नाचला. माणूस जेवला, यातच तिला सगळे मिळाले.

त्या बोटभर कातड्यावर त्याने अठरा वर्षे काढली. मला शाळाशाळांतून मिरवले. टाळ्या पडायच्या तेव्हा मलाही बरे वाटायचे, खोटे कशाला बोलू?

अखेर भूवैज्ञानिकांच्या सभेत त्याला दहा मिनिटे मिळाली. एका वयस्कर बाईंनी दोऱ्याने माझे तुकडे मोजले आणि मोठ्या गोलावरच्या खंडांशी ताडून पाहिले.

"जमीन सरकते साहेब, पृथ्वी फुगत नाही. पुरावे ढीगभर आहेत. आणि हा तुकडा बोटभर कमी आहे. कुणी कापला?"

"कुणीही नाही!"

मागे एक जण हसला. मग सगळेच हसले.

घरी येऊन तो म्हणाला, "माझ्या मापात खोट काढतात! जळतात मेले."

बायको हळूच म्हणाली, "अहो, तो मी कापला होता. तुम्ही जेवत नव्हता म्हणून."

तो तिच्यापासून दोन पावले मागे सरला. "तुलाही फितवलं त्यांनी?"

पुढे तो सहा वर्षे जगला. तिच्या हातचे पाणीसुद्धा प्यायला नाही.

आता मी पलंगाखाली आहे. झाडताना ती मला बाजूला सरकवते, पुसत कधीच नाही. मित्रांनो, मला पुसा असे मी म्हणणार नाही. आपल्या माणसाचे चुकत असेल, तर त्याच दिवशी तोंडावर सांगा. राहील एक वेळ उपाशी. राहू द्या.