लोमॅक्स यांचे खोटे टक्कल

मित्रांनो, मी एक जुने टक्कल आहे. दचकू नका, खोटे आहे. पातळ सुती कापडाला कातडीचा रंग फासून आणि कानांभोवती घोड्याच्या शेपटीचे तांबूस केस ओवून मँचेस्टरच्या एका टोपवालीने मला घडवले. दुकानात माझ्या शेजारी राजांचे आणि सरदारांचे कुरळे टोप ऐटीत बसलेले असत. टोप असून माथ्यावर केस नाहीत, हा काय प्रकार, म्हणून ते नाक नसतानाही नाक मुरडत.

विल्फ्रेड लोमॅक्स नावाच्या तेवीस वर्षांच्या विनोदी नटाने मला विकत घेतले. त्याच्या डोक्यावर तेव्हा केसांचे रान होते आणि भूमिका मात्र सगळ्या म्हाताऱ्यांच्या. ते रान तो माझ्याखाली कोंबून बसवी. रंगमंचावर आला की आधी हॅट काढायची, मग माझ्यावरून हळूच एकदा हात फिरवायचा. एवढ्यावर प्रेक्षक पोट धरून हसत. ते हसू माझेच, अशी माझी पक्की समजूत झाली. हरभऱ्याच्या झाडावर मला कोणी चढवले नाही, माझे मीच चढले.

दर रविवारी आमची मंडळी आगगाडीने नव्या गावी जाई. मुक्कामाच्या घरी खारवलेली मासळी खाता खाता लोमॅक्स नाटके लिही. प्रत्येकात एक टकला म्हातारा आणि त्याची कजाग बायको. बायको व्हायची टिली हार्कर. पंचवीस वर्षे ती रोज संध्याकाळी त्याला लाटण्याने बडवी आणि रविवारी गाडीत त्याचे मोजे रफू करी.

"लिहितोस बरं," ती म्हणे, "पण माझ्या वाट्याला नेहमी लाटणंच का रे?"

"तुझा हात बसलाय त्यावर!"

पन्नाशी उलटली तेव्हा माझ्याखालचे रान साफ झाले होते. खोट्या टकलाखाली खरे टक्कल. हे फक्त मला आणि टिलीला ठाऊक होते. बाहेर तो हॅट काढतच नसे.

मग त्याने लंडनसाठी एक मोठे नाटक लिहिले. रंगभूमी सोडून घरी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या विदूषकाचे. तालमीच्या पहिल्याच दिवशी त्याने मला पेटीत ठेवून दिले.

"टोप घाल, विल्फ्रेड," टिली म्हणाली. "लोक त्या टकलालाच हसतात."

"तीस वर्षं हसलेत. पण त्याला हसले की मला, हे मरायच्या आधी कळायला हवं ना?"

"आणि नाही हसले तर?"

"तर मी नट नव्हतोच. टोपाचा खुंटा होतो."

मित्रांनो, लपवून काय करू? ते नाटक पडावे, असे मला मनापासून वाटत होते.

आमच्या नाटकवाल्यांची एक रीत आहे. नाटकाचे शेवटचे वाक्य तालमीत म्हणायचे नाही. म्हटले की नाटक पडते. म्हणून शेवटाशी आले की लोमॅक्स नुसता हात झटकी. वाक्य त्याने कागदावरही उतरवले नव्हते. प्रॉम्प्टरच्या वहीत तिथे कोरी ओळ होती. पडदेवाल्याला एवढेच सांगितले होते, की शेवटचे वाक्य झाले की दोर सोड.

पहिल्या प्रयोगाला टिलीने धीर वाटावा म्हणून मला एप्रनच्या खिशात घेतले. लोमॅक्स आला. त्याने हॅट काढली. थिएटर गप्प. खिशात मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग त्याने नेहमीसारखाच डोक्यावरून हळूच हात फिरवला आणि वरच्या बाकांवर कोणीतरी खुदकन हसले. त्यानंतर हसू थांबेना. एवढी वर्षे लोक त्या हाताला हसत होते. मी फार खजील झाले.

शेवट आला. टिली टेबलापाशी, तो दारात. आता त्याने ते वाक्य म्हणायचे होते. पण जे कधी तोंडातून काढलेच नव्हते, ते ऐन वेळी त्याला आठवेना. प्रॉम्प्टर कोऱ्या ओळीकडे पाहत राहिला. पडदेवाला दोर धरून ताटकळला. टिलीने खिशात हात घालून मला घट्ट धरले. मग ती हळू आवाजात म्हणाली,

"चल आता. चहा गार होतोय."

तो दारातून येऊन खुर्चीत बसला. पडदेवाल्याला वाटले, हेच ते वाक्य. पडदा पडला. टाळ्यांनी छप्पर दणाणले.

"मूळ वाक्य काय होतं रे?" टिलीने विचारले.

"आठवलं आत्ता. पण तुझ्याइतकं चांगलं नाही."

दोनशे प्रयोग त्याच वाक्यावर संपले. नाटक छापायच्या वेळी, शेवटची ओळ टिलीची आहे असे पुस्तकात घालायचा हट्ट त्याने धरला.

"वेडा का तू?" ती हसली. "चहाला तर बोलावलं मी. त्यात कसलं आलंय लिहिणं?"

तिने घालू दिले नाही. लोमॅक्सने आपल्या प्रतीत त्या ओळीपुढे पेन्सिलीने लिहिले, 'हे टिलीचे'. पुढे ती प्रत कुठे गेली, कोणास ठाऊक.

आता दोघेही नाहीत. मी एका नाट्यगृहाच्या काचेच्या कपाटात आहे आणि माझ्या कापडाला कसर लागली आहे. शेजारी ते पुस्तक शेवटच्या पानावर उघडून ठेवले आहे. माणसे येतात, वाचतात आणि म्हणतात, काय लेखक होता! त्यांना ऐकू जाईल असे तोंड मला नाही, म्हणून तुम्हाला सांगितले. मित्रांनो, जमले तर मला कसरीपासून जपा. पण त्याआधी, कोणी ती ओळ वाचून लोमॅक्स यांची वाहवा करू लागले, तर तेवढे टिली हार्करचे नाव सांगा.