सोनबांच्या मेटॅडोरमधली घरची बॅटरी

मित्रांनो, कन्हेरीत सोनबांच्या पडवीत, घोंगड्यांच्या गठ्ठ्यामागे एक काळी पेटी पडली आहे ना, ती मी. एक जुनी बॅटरी. माझ्या टोकांवर हिरवट बुरा चढलाय. कुणी जवळ आलं की अंग चोरावंसं वाटतं, पण बॅटरीने अंग चोरायचं तरी कुठं!

माझा जन्म कारखान्यातला. शिशाच्या पट्ट्या, वर पेटी, आत तेजाब. बारामतीच्या एका दुकानातून सोनबांनी मला आणलं. त्यांचे वडील मेंढरांमागे रानोरान फिरले, सोनबा घोंगडी घेऊन बाजारोबाजार फिरू लागले. फिरतीसाठी मेटॅडोर गाडीतच त्यांनी संसार मांडला होता. बाज, स्टोव्ह, पाण्याचं पिंप, सगळं आत. गाडी चालू करायला वेगळी बॅटरी होती. मी मात्र घरची. ट्यूब, टेप आणि छोटा पंखा माझ्या जिवावर चाले. इंजिनाशी माझी तार जोडलेली नव्हती, म्हणून गाडी कितीही पळाली तरी माझ्यात भर पडत नसे. बारामतीला चार्जिंगला ठेवायचं आणि तेवढ्यावर भागवायचं. इंदापूरच्या बाजारात तिन्हीसांजेला दुसरे लोक कंदील शोधत आणि आमच्या गाडीत ट्यूब लागे. "सोनबा, तुजं घर लई भारी हाय," असं कुणी म्हटलं की मी फुगून जाई.

सोनबांची लेक शालन इंदापूर तालुक्यातच, भीमेकाठच्या एका गावात दिली होती. एका उन्हाळ्यात तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कन्हेरीला आणायचं ठरलं. तिच्या पायांवर सूज होती, रक्तदाब वाढलेला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हिला उन्हाची झळ लागू देऊ नका. सोनबांनी आदल्या दिवशी मला पूर्ण चार्ज करून आणलं आणि पंख्याचं तोंड बाजेकडे वळवून सुतळीने पक्कं बांधलं. शालनची आई सारजाबाई, तिने बाजेवर मऊ गोधडी अंथरली. मित्रांनो, इतक्या विश्वासाने मला कुणीच कधी कामाला लावलं नव्हतं.

सासरी ओटी भरल्याशिवाय आणि जेवल्याशिवाय लेक निघत नाही. स्वयंपाक व्हायचा होता. गावात सकाळपासून वीज नव्हती आणि नेमकी त्याच दिवशी क्रिकेटची मॅच होती. शालनचे सासरे मोहनराव गाडीपाशी आले.

"सोनबाराव, तुमची बॅटरी द्या की. आमचा छोटा टीव्ही चालतो तिच्यावर."

"न्हाय म्हंजी... शालनच्या पंख्याला..." सोनबा एवढंच बोलले आणि थांबले. व्याह्यांच्या दारात उभं राहून व्याह्यांनाच नाही कसं म्हणायचं? "न्या की, त्यात काय इचारायचं!"

सारजाबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. शालन उंबऱ्याच्या आत पदर धरून उभी होती.

मला ओसरीवर मांडलं. अर्धं गाव गोळा झालं. मागच्यांना ऐकू येईना, म्हणून कुणीतरी लग्नातला ॲम्प्लिफायर आणून जोडला आणि छपरावर कर्णा चढवला. टीव्हीचं एक वेळ ठीक होतं, पण तो कर्णा मला पिऊनच गेला. चौकार बसला की लोक माझ्या पाठीवर थाप मारत. आजवर कौतुकाने फुगणारी मी त्या प्रत्येक थापेबरोबर खचत होते. सोनबाही सगळ्यांबरोबर हसत होते, पण त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा आम्ही निघालो. थोडा वेळ पंखा फिरला. मग हळू झाला. वाटेतल्या सणसर गावाच्या अलीकडे त्याने शेवटचा फेरा घेतला आणि थांबला. पत्र्याचं छत तापलं होतं. शालनला घेरी आली, डोळे फिरले. सारजाबाई ओरडल्या. सोनबांनी कालव्याकाठी गाडी थांबवली, फेटा सोडून पाण्यात बुडवला आणि तिच्या अंगावर टाकला. मग बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन ते वारा घालत बसले. मी तिथेच बाजेखाली होते, मला जरासा वाराही घालता येत नव्हता.

बऱ्याच वेळाने शालनने डोळे उघडले.

"आबा, पंखा?"

"चार्जिंग संपलं, पोरी. तुजा सासरा रुसला असता. तुलाच बोल लागला असता."

ती बापाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मी रुसत न्हाय, म्हनून माजाच पंखा दिला व्हय?"

सोनबांचा हात थांबला. पुन्हा वारा घालू लागले तेव्हा ते बाहेर, कालव्याकडे बघत होते.

शालनला तसंच बारामतीच्या दवाखान्यात नेलं. काही दिवस ती तिथे राहिली. पुढे मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी मात्र त्या दिवशी पार उतरले ती उतरलेच, माझ्या पट्ट्या पुन्हा चार्ज धरेनात.

बारशाला मोहनराव आले. पडवीत मला पाहून म्हणाले, "हीच न्हवं ती बॅटरी? काय मॅच बगितली त्या दिवशी! वाटंत पंखा चालला न्हवं चांगला?"

सोनबा खाली बघून म्हणाले, "व्हय, चालला की."

शालन पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिने ऐकलं. तिचा हात क्षणभर थांबला, मग ती झोका देत राहिली.

मित्रांनो, माझं चार्जिंग संपलं त्याची लाज मला आहेच, पण त्या "चालला की"ची जास्त वाटते. तुमच्याही घरात कधीच न रुसणारं एखादं माणूस असेल. त्याच्या वाटचं आधी बाजूला काढून ठेवा, मग पाहुण्यांना काय द्यायचं ते द्या.