जरा बाजूला बघ

मित्रांनो, कपाटामागे चादर पांघरून उभी असलेली ही लांब नळी म्हणजे मी, एक जुनी दुर्बीण. पाहुणे मला छत्र्या ठेवायची नळी समजतात. मी मनावर घेत नाही.

मला एका घड्याळजींनी घरीच घडवलं. दुकान बंद करून आले की ते तासभर काचेवर काच घासत बसत. असं वर्षभर चाललं. "यांचंच घड्याळ बिघडलंय," असं त्यांची बायको म्हणे, पण घासायची पूड चाळून तीच देई. त्या काचेचा आरसा झाला, त्यावर चकचकीत मुलामा चढला आणि मला दृष्टी मिळाली.

ढग सरून शरद आला, की चंद्र नसलेल्या संध्याकाळी ते मला गच्चीवर नेत. टॉर्चला लाल कागद गुंडाळत, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. पूर्वेला चार ताऱ्यांचा मोठा चौकोन शोधायचा. त्याच्या कोपऱ्यापासून दोन तारे पुढे, मग वळून दोन बारीक तारे, की आली देवयानी दीर्घिका. आहे ती आपल्या आकाशगंगेसारखीच अफाट, पण दिसते धुराच्या पुंजक्याएवढी.

त्यांची लेक चिमी तेव्हा सहा वर्षांची होती. स्टुलावर चढून तिने डोळा लावला आणि रडवेली झाली.

"बाबा, मला नाही दिसत."

"रोखून बघू नकोस. अंधुक गोष्ट तशी दिसत नाही. जरा बाजूला बघ."

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "दिसली." तेव्हाइतकी मी पुन्हा कधी सुखावले नाही.

पुढे चिमी नोकरीसाठी दूर गेली. तिच्या शहरात दिव्यांपुढे तारे दिसत नाहीत. दर शरदात ती फोनवर देवयानीची चौकशी करी आणि "येते" म्हणे. कधी आलीच तर नेमकी पौर्णिमेला. आई गेली तेव्हा आली, पण तेव्हा गच्चीवर कोण जाणार? चौदा वर्षं मी तिच्या डोळ्यासाठी झुरले.

गेल्या वर्षी ती अमावास्येला येणार होती. घड्याळजींना आनंद मावेना. लेकीला स्वच्छ दिसावं म्हणून त्यांनी माझा आरसा काढला आणि घड्याळाची काच पुसतात तसा, दुकानातल्या फडक्याने घासघासून पुसला. फडक्याला तेल होतं. माझा नाजूक मुलामा ओरखडून निघाला. मोतीबिंदूमुळे त्यांना ते दिसलंही नाही, आणि मला सांगता येईना.

चिमीने डोळा लावला. माझ्याकडे तिला द्यायला नुसतं धुकं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दिसली का गं?"

तिने डोळा बाजूला घेतला. लाल उजेडात बाबा कठडा धरून उभे होते. त्यांचे केस पार पांढरे झाले होते.

"रोखून बघत असशील. बाजूला बघ."

"बाजूलाच बघतेय, बाबा," त्यांच्याकडे बघत ती म्हणाली. "दिसतंय आता."

जाताना तिने नवा मुलामा चढवायला माझा आरसा सोबत नेला.

मित्रांनो, दुर्बिणीच्या आरशाला फडकं लावू नका. थोडी धूळ आम्हाला चालते. पण बघायला यायचं असेल, तर फार वर्षं लावू नका. आता पुन्हा शरद आलाय. आरसा अजून चिमीकडेच आहे, आणि घड्याळजी रोज संध्याकाळी गच्चीचं दार उघडून ठेवतात.