कांदेलारियाच्या आधी कमर उतरायला हवी

माझ्या आन्सेल्मोची दोन्ही मूत्रपिंडं गेली. घरात कुणाचं रक्त जुळेना, माझं जुळलं. जुळणारच, आई आहे मी. पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटाभोवती टेप गुंडाळली, ओढली, परत ओढली आणि म्हणाल्या, "क्रेसेन्सियाबाई, हा घेर उतरल्याशिवाय तुमचं मूत्रपिंड काढता येणार नाही. खाणं सांभाळा, व्यायाम करा. फेब्रुवारीत कांदेलारियाचा सण येतो, त्याच्या आधी पुन्हा तपासू."

"पोरी, या पोटातनं पाच लेकरं काढलीत मी," मी म्हटलं. "चरबी काय चीज आहे!"

डुकराची चरबी बंद केली. गोड पाव बंद. भाजलेली निवडुंगाची पानं, उकडलेली कोंबडी आणि मक्याच्या भाकरीसारखी एकच तॉर्तिया. सकाळी चर्चच्या बागेला फेऱ्या, मग नातींच्या वयाच्या पोरींबरोबर गाण्यावर उड्या. शेजारीण ओबदुलिया फाटकाला टेकून ओरडायची, "क्रेसेन्सिया, नवरा शोधतेस की काय गं?"

"शोधतेय. पण घाबरू नकोस, तुझा मला फुकटसुद्धा नको."

गाल बसले. छाती उतरली. लग्नातली अंगठी बोटातून गळून पडली. सगळं अंग माझं ऐकत होतं, कमर तेवढी ऐकेना. हट्ट तिनं माझाच उचलला असणार.

तीन राजांच्या सणाला रोस्का कापला. त्या गोल गोड पावात बाळ येशूची बोटाएवढी बाहुली लपवलेली असते. ज्याच्या तुकड्यात ती निघेल, त्यानं कांदेलारियाला सगळ्यांना तमाल, म्हणजे मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेले सारणाचे मुटके, खाऊ घालायचे. माझे मालक तर एकदा खर्च चुकवायला बाहुली गिळून बसले होते. मी तुकडा घेतला नाही. आन्सेल्मोला खायची परवानगी नव्हती, पण त्यानं हौसेनं सुरी धरली आणि सुरी बाहुलीवरच अडकली.

"गिळ रे, बापासारखी!" ओबदुलिया म्हणाली.

"नाही काकू." त्यानं बाहुली खिशात टाकली. "आता कांदेलारियापर्यंत जगायलाच लागणार. तमाल आई करेल. तोवर तिची कमर वीतभर होईल, बघा."

हसला तो एकटाच.

सणाच्या आदल्या दिवशी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई टेपेकडं न बघता बोलल्या. "घेर उतरलाय, पण फार थोडा. आणि तुमच्या रक्तात साखर निघालीय. आता कमर उतरली तरी तुम्हाला मूत्रपिंड देता येणार नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

दुसरं कोण देईल, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आन्सेल्मो अंगणात खुर्चीवर होता. पोटात नळी, वर खिळ्याला रक्त साफ करणाऱ्या पाण्याची पिशवी.

"काय म्हणाली?"

"कागद यायचेत म्हणाली."

"बरं," तो म्हणाला आणि पिशवीकडं बघत बसला.

मी परातीत चरबी घेतली आणि हातानं फेटायला लागले. किती महिन्यांनी हात लावला होता. माझ्या कमरेची जागची हलत नव्हती आणि ही बोटांत लोण्यासारखी विरघळत होती. मक्याचं पीठ मिसळलं, दंड भरून येईस्तोवर फेटलं. गोळी पाण्यात टाकली, ती तरंगली. पीठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली आली. आन्सेल्मो खुर्चीतून बाहुली नाचवत होता, "माझे तमाल आहेत, कुणी उपाशी जायचं नाही!" मी उभ्यानं वाढत होते.

"तूही घे गं," ओबदुलिया म्हणाली. "एकानं काय होतंय?"

हे ती मला महिनोन्‌महिने म्हणत आली होती आणि दर वेळी मी तिच्या सात पिढ्या काढल्या होत्या. त्या दिवशी मी स्टूल ओढलं, बसले, मक्याचं पान सोडलं आणि खाल्लं. लाल मिरचीचा, मांसाचा. चरबी मनगटापर्यंत ओघळली. ती चाटली आणि दुसरा घेतला.

मान वर केली तर आन्सेल्मो माझ्या हाताकडं बघत होता. बाहुली नाचायची थांबली होती. भोवती सगळे बोलत होते, हसत होते. त्यानं बाहुली खिशात ठेवली, वाकून पातेलं माझ्याकडं सरकवलं.

"हिरव्या मिरचीचापण घे, आई," तो म्हणाला. "छान झालाय."

त्यानं तर एकही चाखला नव्हता.