बर्डीवर निवडलेलं पुस्तक

१९७६ साली कॉलेजच्या बुद्धिबळ स्पर्धेत मी तिन्ही डाव हरले. सुरुवातीच्या चाली मला तोंडपाठ होत्या. पण मधेच समोरचीचा घोडा कुठून तरी यायचा नि माझा वजीर जायचा.

हे मी शेजारच्या देवाजीकाकांना सांगितलं. तांडापेठेत आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. काका हातमागावर लुगडी विणायचे. मोहरे चालवायला मला त्यांनीच शिकवलं.

"पुस्तक पायजे तुले," ते म्हणाले, आणि रविवारी माग बंद ठेवून माझ्यासोबत बर्डीवरच्या बाजारात आले.

फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून मी गुळगुळीत कव्हराचं जाडजूड पुस्तक उचललं. काकांनी मात्र पाठ सुटलेलं एक रशियन पुस्तक काढलं. पानोपानी पटांची चित्रं, मजकूर नावालाच.

"काका, ही भाषा कुठे येते मला?"

"मले तरी कोठं येते? घोडा तर घोडाच दिसून राहिला ना! थे जाडं पुस्तक तू पाठ करशील. याच्यात डोकं चालवा लागन."

ते तिथेच उकिडवे बसले. "पांढऱ्याची चाल. सांग वं."

पाच कोडी घातली. दोन मला सुटली, एक त्यांना, दोन कुणालाच नाही.

"घरी नेऊन सोडवा ना भाऊ," दुकानदार वैतागला.

"सारेच सुटले असते, तर घेतलं नसतं," काका उठत म्हणाले. "एकही नसतं सुटलं, तरी नाही. हे बरोबर हाय."

त्या काळी गल्लीभर मागांचा खटखटाट असे. संध्याकाळी तो थांबला की काका हातपाय धुऊन आमच्या ओसरीवर येत. रोज दहा कोडी, मोहऱ्यांना हात न लावता. उत्तरं शेवटच्या पानांवर होती. पण त्यात प्रत्येक मोहऱ्याला एकेक रशियन अक्षर होतं; घोड्याचं कोणतं, हे शोधण्यातच आमचा आठवडा गेला. भांडणंही झाली. इतकी मजा मला पुढे कुठल्याच अभ्यासात आली नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धेत मी तिसरी आले. एका डावात माझ्याच घोड्याने शह देता देता समोरचीचा वजीर टिपला. धावत जाऊन काकांना सांगितलं.

"खेळून दाखव."

मी अख्खा डाव मांडला. मधेच त्यांनी मला थांबवलं. "इथं तीन चालीत मात होती वं. पाह्यली नाही तू."

"जिंकले ना पण!" मी रुसले.

"जिंकली, मस्त जिंकली. पण पाह्य तर खरी."

मला दिसेना. मग तेही गडबडले, पटावर वाकून पुन्हा शोधू लागले. काकूंनी आणलेला चहा निवून गेला, तरी आम्ही दोघं ती मात शोधतच होतो.